काळ्या रंगाखालचं लोखंड

कंपाउंडच्या काँक्रीटच्या भिंतीवर लेझरने कापलेलं धातूचं झाड लावून घेतलं, त्याला अजून वर्षही झालं नाही. फांद्यांच्या टोकांपासून थेट जमिनीपर्यंत तपकिरी ओघळ उतरलेत.

ठरलं होतं ते असं: एसएस 304 (स्टेनलेस स्टीलची एक ग्रेड), जाडी 3 मिलिमीटर, वर काळं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी भाजून चढवलेला रंग. नमुन्याचा तुकडा हातात दिला तो चकचकीत, लोहचुंबक न चिकटणारा. मी खूश! झाड मात्र रंगवूनच आलं. रंग चढल्यावर खाली स्टेनलेस आहे की साधा एमएस, म्हणजे लोखंडी पत्रा, नुसत्या डोळ्यांना काय कळणार? चुंबक फ्रिजच्या दारावर होता, तो लावून बघायचं सुचलं ते ओघळ दिसल्यावर. टक्कन चिकटला, म्हणजे खाली साधं लोखंडच. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर जाडी रंगासकट 2 मिलिमीटरही भरेना.

गंज कापलेल्या कडांवरूनच सुरू झाला होता. दुसऱ्या एका फॅब्रिकेटरने कारण सांगितलं: ऑक्सिजन वापरून लोखंड कापलं की कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. तो घासून न काढता कोटिंग केलं, तर रंग त्या थराला धरतो, धातूला नाही. थर सुटला की रंगाचे पापुद्रे निघतात. त्यात स्पेसरही, म्हणजे भिंत आणि पत्र्यात फट ठेवणारे तुकडेही, नव्हते. पत्रा भिंतीला टेकवूनच ठोकलेला, मागे पाणी अडकून राहायचं. अँकर बोल्टही साधेच, तेही गंजले.

बिल काढून पाहिलं. त्यावर ‘डेकोरेटिव्ह मेटल पॅनल’ एवढंच. ना ग्रेड, ना जाडी. भांडायला जागाच नाही.

आणि चुंबकावरही फार विसंबू नका. तो 202 या स्टेनलेसच्याच दुसऱ्या ग्रेडलाही सहसा चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि उघड्यावर ते 304 पेक्षा लवकर गंजतं. म्हणजे माझा तो नमुना तरी 304 होता का, देव जाणे. थेंब टाकून ग्रेड तपासायचं रसायन मिळतं, पण ते उघड्या धातूवरच चालतं. म्हणून माल रंगवण्याआधी बघायला जा. बिलावर ग्रेड आणि जाडी लिहून घ्या.

झाड उतरवलंय. ऑक्झॅलिक अॅसिडने डाग बरेच फिके झाले. कुणीतरी हायड्रोक्लोरिक अॅसिड सुचवलं होतं, पण ते सिमेंटच खातं. विकणाऱ्याचं एकच पालुपद: “आणा की, पुन्हा रंग मारून देतो.”