मोंढ्यावर एचपी २००एलएक्स: सोयाबीन ते हरभरा, एका हंगामाचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यावर आमची अडत आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली तेव्हा एचपी २००एलएक्स गादीवर आलं आणि तूर-हरभरा सरला तरी तिथून हललेलं नाही. हातात मावणारे जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद मला आधीपासूनच आहे. पण जमवलेल्यांपैकी रोज, धुळीच्या हातानं वापरतो असं हे एकच. बाकीचे कपाटात का गेले तेही पुढे सांगतो.

यंत्र १९९४ सालचं. चष्म्याच्या मोठ्या डबीएवढं, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. डॉस ५.०, म्हणजे विंडोजच्या आधीची कार्यप्रणाली, आत रॉममध्येच बसवलेली, प्रोसेसर ८०१८६ जातीचा आणि वेग ८ मेगाहर्ट्झच्याही आत. पडदा ६४० बाय २०० टिपक्यांचा, काळा-करडा, मागे दिवा नाही. चालतं दोन पेन्सिल सेलवर, आणि तेही आठवडेच्या आठवडे. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या कोरव्हॅलिसला एचपीचा कॅल्क्युलेटर बनवणारा विभाग होता, त्यांचं हे काम. ते लगेच कळतं, कारण एवढ्याशा जागेतही उजव्या हाताला आकड्यांची वेगळी बटणं दिली आहेत. हिशोब करणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. शिवाय लोटस १-२-३, म्हणजे एक्सेलसारखा रकान्यांत हिशोब मांडायचा जुना प्रोग्राम, आतच आहे आणि त्याला स्वतंत्र बटण आहे. ऑन दाबलं की काल जिथं थांबलो होतो त्याच घरात कर्सर उभा.

आता काम. शेतकऱ्याचा माल उतरला, मापाड्यानं वजन सांगितलं की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाची पावती, करायची. माझ्या शीटमध्ये नाव, कट्टे, वजन, दर, हमाली, तोलाई, उचल आणि शेवटी हातात पडणारी रक्कम, एवढेच रकाने आहेत. एका कोपऱ्यात हमीभाव टाकून ठेवलाय, २०२५-२६ साठी सोयाबीनला क्विंटलला ५३२८ रुपये. त्याच्या किती खाली सौदा झाला हे शेजारच्या रकान्यात आपोआप दिसतं. हा रकाना आप्पांना आवडत नाही. "कशाला मीठ चोळतो?" म्हणतात. मी तो तसाच ठेवलाय.

फोनवर हे होत नाही का? होतं, आणि आधी करतही होतो. पण दुपारी फडीवर उभं राहिलं की फोनचा पडदा उन्हात दिसेनासा होतो, आणि भुसा लागलेल्या घामट बोटाला तो दाद देत नाही. या जुन्या पडद्याचं उलट आहे. ऊन जेवढं कडक, तेवढे आकडे स्वच्छ. आणखी एक गोष्ट मला वापरायला लागल्यावरच कळली. मालक फोनमध्ये बघायला लागला की समोरच्याला वाटतं, हा व्हॉट्सॲप बघतोय, आपल्या मालाकडे लक्ष नाही. हे यंत्र मात्र उघडं पुढ्यात असतं. औशाकडचे एक म्हातारे शेतकरी आले होते. पट्टी झाल्यावर म्हणाले, "मालक, उचल दोनदा तर धरली न्हाई ना?" मी झूम दाबून अक्षरं मोठी केली आणि यंत्र त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, उचलीचा आकडा वाचला, बोट सरकवत शेवटच्या रकमेपर्यंत आले, ओठातल्या ओठात वजाबाकी केली आणि मान डोलावली. ॲपमध्ये आकडा टाकला की फक्त उत्तर येतं. इथं बेरीज-वजाबाकी सगळी समोर मांडलेली राहते, आणि मोंढ्यावर निम्मा वाद त्यावरच मिटतो.

अडचणी आहेत, आणि काही चांगल्याच त्रासाच्या. देवनागरी नाही म्हणजे नाहीच. नावं इंग्रजी अक्षरांत टाकावी लागतात, आणि रकाना रुंद करून घेतला नाही तर मूळच्या नऊ अक्षरांच्या जागेत रमेश कांबळे आणि रमेश कांबळेकर एकच दिसतात. नावाची सुरुवात आकड्यानं झाली, म्हणजे '१२ नंबर गाळा' असं काही लिहिलं, तर लोटसला ती रक्कम वाटते आणि ते अडून बसतं. आधी एक अवतरणचिन्ह टाकायची सवय लावून घ्यावी लागते. सगळ्यात वैताग स्वल्पविरामाचा. लोटस हजार-हजारानं स्वल्पविराम देतं, लाख त्याला ठाऊकच नाही. पाच लाख अठ्ठेचाळीस हजाराची रक्कम ५४८,००० अशी दिसली की आमचे मुनीम दोनदा शून्यं मोजतात. शेवटी मी स्वल्पविरामच काढून टाकले. रुपयाचं चिन्ह तर २०१० साली आलं, त्याची अपेक्षा या यंत्राकडून करणंच चूक.

संध्याकाळी लाइट गेली की खेळ संपला. मागे दिवा नाही, त्यामुळे बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून वाचावं लागतं. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की पडदा काळवंडतो. कॉन्ट्रास्ट उतरवलं की भागतं, सावलीत आल्यावर परत चढवायचं. गाडीच्या काचेपाशी मात्र कधीच ठेवू नये, सेल पाझरतात आणि पडद्यावरचा थर कायमचा बिघडतो.

माहिती कशी जपायची हे नवख्यानं आधी समजून घ्यावं. सी ड्राइव्ह म्हणजे इथं साधी रॅम. मुख्य सेल आणि आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल, दोन्ही मेले की सगळं पुसलं जातं. म्हणून रोज दुकान बंद करताना स्लॅश, एफ, एस करून फाइल ए ड्राइव्हवर, म्हणजे बाजूच्या खाचेतल्या कार्डवर. मी अडॅप्टरमध्ये ३२ एमबीचं जुनं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घातलंय. फार मोठी कार्डं घेऊ नका, या डॉसला ती पचत नाहीत. तेच कार्ड रीडरमध्ये घालून लॅपटॉपला लावलं की लिब्रेऑफिसमध्ये लोटसची फाइल सरळ उघडते. पुढचा जीएसटी-फीएसटी सगळा तिथं.

आता कपाटातले. सायन सिरीज ५एमएक्स, १९९९ चं, दिसायला आणि टायपायला याच्या दसपट देखणं. झाकण उघडलं की कीबोर्ड पुढे सरकतो आणि पडदा त्यावर टेकतो. ती रचना बघायला दुकानातले हमालसुद्धा जमतात. त्यातल्या ईपॉक प्रणालीतूनच पुढे सिंबियन झालं, म्हणजे आपल्या जुन्या नोकियांचं ते मूळ घर. दोन बोटांनी नव्हे, दहा बोटांनी लिहिता येतं. पण पडद्याकडे जाणारी पट्टीसारखी केबल प्रत्येक उघडझापेला वाकते आणि कधीतरी तुटते, हे या सिरीजचं जगजाहीर दुखणं आहे. माझ्याकडचं अजून धड आहे. ते तसंच राहावं म्हणून दिवसात पन्नास वेळा उघडायच्या कामाला लावत नाही. रविवारी काढतो, चार ओळी लिहितो, ठेवतो.

पाम थ्री १९९८ चं. पाम काढणाऱ्या जेफ हॉकिन्सनं आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरून आकार ठरवला होता, आणि खिशाला ते बसतंही झकास. पण त्याची ग्राफिटी, म्हणजे पडद्यावर लेखणीनं अक्षरं रेखायची खास लिपी, शिकावी लागते, आणि आकड्यांचे रकाने त्या चिमुकल्या पडद्यावर भरणं म्हणजे शिक्षाच. पुतण्यानं एका दुपारी लिपी शिकून घेतली, आता ते त्याचंच झालंय.

मला खरं हवंय ते सिम्प्युटर. २००१ च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी खेड्यातल्या माणसासाठी, भारतीय भाषांसाठी म्हणून ते आखलं. २००४ मध्ये अमिडा नावानं बाजारात आलं, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेलं. विक्री जेमतेमच झाली, त्यामुळे आज हाती लागत नाही. अमेरिकेतल्या साहेबांच्या खिशासाठी केलेलं यंत्र लातूरच्या मोंढ्यावर आणि इथल्या शेतकऱ्यासाठी केलेलं कुठं मिळेना, याची गंमतही वाटते आणि रागही येतो.

कुणाला २००एलएक्स घ्यायचं असेल तर ते बहुतेक परदेशातूनच मागवावं लागेल. सीमाशुल्क आणि पाठवणी धरून बरा स्मार्टफोन येईल एवढा खर्च समजा. फक्त शोभेला हवं असेल तर एवढे पैसे घालू नका, शोभेला पाम पुरे. विकणाऱ्याकडून बिजागरीपाशी तडे आहेत का त्याचा जवळून फोटो घ्या, सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट गंज आहे का बघा, आणि पडदा चालू असताना कडेला डाग दिसतात का तेही. आकड्यांची बटणं एकेक करून दाबल्याचा व्हिडिओ मागा. तेवढं करायला तो कुरकुरला, तर दुसरा विक्रेता बघा.