वर्षभराच्या ट्रेनिंग प्लॅनच्या नावाखाली फसवणूक: संघ चालवणाऱ्यांनो, सही करण्याआधी वाचा

संघासाठी वर्षभराचा ट्रेनिंग प्लॅन देणाऱ्या एका प्रशिक्षकाने आम्हाला फसवलं. किती रक्कम गेली ते लिहीत नाही. ती ऐकली की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "एवढे दिलेतच कसे?" हिशोब मात्र नेमका सांगतो. ठरलेल्या फीच्या ५० टक्के सही करताना दिले, ३० टक्के बाराव्या आठवड्यात. हातात आलं ५२ पैकी १२ आठवड्यांचं काम. ८० टक्के पैसे देऊन २३ टक्के माल, आणि तोही उचललेला.

बाकीचा साचा तुम्हाला माहीत आहेच. चकचकीत पीडीएफ, "वर्षाला दोनच संघ घेतो", पदकाची हमी, कुठल्याशा प्रमाणपत्रांची रांग, दुसऱ्या हप्त्यानंतर फोन बंद. त्यावर वेळ घालवत नाही. प्लॅनच्या फाइलमध्येच चोरी उघडी पडली होती, ते सांगायचं आहे.

संघ हॉकीचा. हॉकीचा सामना म्हणजे १५ मिनिटांचे चार क्वार्टर आणि हव्या तितक्या वेळा बदली. खेळाडू काही मिनिटं जीव तोडून धावतो, बाहेर बसतो, पुन्हा आत जातो. फाइलमध्ये नवव्या आठवड्यासमोर लिहिलं होतं: "सराव सामना, २×४५ मिनिटं". हा फुटबॉलचा सामना! पेनल्टी कॉर्नर, म्हणजे हॉकीतली गोलची मोठी संधी, हा शब्द आठवड्याला एक अशा ५२ ओळींत एकदाही नाही. वाकून खेळणाऱ्यांच्या कंबरेसाठी आणि जांघेच्या स्नायूंसाठी वेगळा व्यायाम नाही. गोलकीपरच्या रकान्यात "उंच चेंडू पकडणे". हॉकीचा गोलकीपर चेंडू पकडत नाही, पॅड आणि किकरने (बुटांवरच्या जाड संरक्षकाने) बाहेर काढतो. ही फाइल समोर उघडी होती आणि पहिला हप्ता त्यानंतर गेला. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आता कुणी म्हणेल, दिसत नव्हतं का? दिसलं, विचारलंही. उत्तर मिळालं, "हा जनरल प्रिपरेशनचा टप्पा आहे, आधी एरोबिक बेस." म्हणजे आधी दम वाढवायचा, खेळाचं नंतर. आणि खोटारड्याच्या या उत्तरात खोट काढता येत नव्हती, कारण मैदानी खेळांचे पहिले सहा ते आठ आठवडे खरंच एकमेकांसारखे दिसतात. अर्धं खरं बोलणारा माणूस पकडायचा कसा, ते टीका करणाऱ्यांनी सांगावं.

दुसरी गोष्ट भाराच्या रकान्याची. पहिल्या आठवड्यापुढे १,८०० युनिट. म्हणजे सत्र किती जड गेलं याचा खेळाडूने दिलेला दहापैकी आकडा गुणिले मिनिटं: ६ × ६० मिनिटं × ५ सत्रं. इथवर चोख. पुढच्या प्रत्येक ओळीत एवढंच, "मागील आठवड्यापेक्षा १० टक्के जास्त". आकडे काढून दिलेले नाहीत, आणि ते का नाहीत हे गणित केल्यावर कळतं. बाराव्या आठवड्यात हा भार ५,१३६ होतो, चोविसाव्यात १६,११८. सहाच्याच तीव्रतेने तो भरायचा तर आठवड्याला पावणेपंचेचाळीस तास सराव, म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ साडेसहा तास. माणसं आहेत की इंजिनं? साधारण तीन आठवडे चढ आणि चौथ्यात उतार, ही लाट प्लॅनमध्ये दिसलीच पाहिजे. उताराच्या आठवड्यातच शरीर आधीचा भार पचवतं. तो आठवडा नसेल तर आधी झोप बिघडते, मग नडगी, मग हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू. आणि दुखापतीनंतर हे महाशय म्हणणार, "मुलांची मानसिक ताकद कमी पडते."

तिसरी गोष्ट तर निव्वळ बनावटगिरी. प्रगती दाखवायला २० मीटर शटल धावण्याची चाचणी, ती बीप टेस्ट: पुढची बीप वाजायच्या आत २० मीटर गाठायचे, ते एक शटल, आणि दर पातळीला वेग वाढत जातो. अहवालात एका खेळाडूचा निकाल ७.१३ आणि दुसऱ्याचा ७.१५. नेहमीच्या दशांश अपूर्णांकासारखे दिसणारे हे आकडे तसे नसतात. टिंबाआधी पातळी, टिंबानंतर त्या पातळीतली शटलं. सातव्या पातळीचा वेग ताशी ११.५ किलोमीटर, म्हणजे २० मीटरला सव्वासहा सेकंद. पातळी साधारण एका मिनिटाची. त्यात दहाच शटलं बसतात. तेरावं धावलं कुठे, छतावर? चाचणी झालीच नव्हती, घरी बसून आकडे भरले होते. दुसरा हप्ता मागताना पुरावा म्हणून हाच अहवाल पुढे केला होता.

खरा वार्षिक प्लॅन शेवटाकडून लिहिला जातो, हे लक्षात ठेवा. मुख्य स्पर्धेची तारीख आधी, मग मागे मोजत यायचं. स्पर्धेआधी साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी खाली, पण वेग आणि तीव्रता तशीच. त्यामागे सामन्यांचा टप्पा, त्यामागे खेळाशी जोडलेली तयारी, सर्वांत मागे सर्वसाधारण तयारी. स्पर्धा संपल्यावर दोन ते चार आठवडे सैल. चाचण्या पहिल्या आठवड्यात आणि मग दर चार ते सहा आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी, आदल्या दिवशी जड सराव न ठेवता. आमच्या फाइलमध्ये स्पर्धेचा आठवडा भरभरून भाराचा होता. कारण उघड आहे, ती तारीख त्याने विचारलीच नव्हती! जो माणूस पहिल्या भेटीत स्पर्धांचं वेळापत्रक मागत नाही, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता तक्रारीचं. खेळाची संघटना म्हणते, तो आमच्याकडे नोंदलेला प्रशिक्षक नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत नाही. अहो, त्याच्या माहितीपत्रकावर तुमचं बोधचिन्ह छापलंय! त्यावर उत्तर, "बोधचिन्हाबद्दल आम्ही त्याला समज देऊ." समज! पोलीस म्हणतात, काही आठवडे सेवा दिली ना, मग ही फसवणूक नाही, करारभंग आहे, दिवाणी दावा लावा. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, व्यवहार तुमच्याच मंजुरीचा. ग्राहक तक्रारीच्या अर्जात सेवेचा प्रकार निवडायला यादी आहे, तीत शिकवणी आहे, जिम आहे, क्रीडा प्रशिक्षण नाही. "इतर" निवडलं तर अर्ज परत, शेरा: प्रकार स्पष्ट करा. ७.१३ चा कागद पुढे ठेवला तर साहेब म्हणाले, टायपिंगची चूक असेल. दोन खेळाडूंच्या नावापुढे, दोन वेगळ्या आकड्यांत, एकाच दिशेची टायपिंगची चूक! बनावट ओळखायला खेळ कळावा लागतो आणि खेळ कळणारी संघटना अखत्यारीच्या दाराआड बसलेली. मग माणसाने जायचं कुठे?

पैसे महिन्याच्या टप्प्याने द्या, चार आठवड्यांचं काम झालं की चार आठवड्यांचे, आणि किमान १५ टक्के मुख्य स्पर्धेनंतर. पीडीएफ घेऊ नका, गणितं उघडी असलेली फाइल मागा. "कोणत्या आठवड्यात भार कमी आणि का?" हा एक प्रश्न विचारा, अडखळला की उठा. चाचणीला तुमचा माणूस शिट्टीपाशी उभा हवा, व्हिडिओ हवा, मूळ नोंदवही तुमच्याकडे हवी. दुखापत झालेल्याचा पर्यायी आठवडा लेखी घ्या. खेळाडूंचा डेटा कुणाचा, हे करारात लिहा, आमचा अजून त्याच्याच लॅपटॉपवर आहे. प्रमाणपत्राचा फोटो पाहू नका, क्रमांक घेऊन देणाऱ्या संस्थेकडे स्वतः विचारा.

आणि प्रशिक्षकच पावडर, गोळ्या विकू लागला तर त्याच दिवशी थांबा. सप्लिमेंटमध्ये बंदी असलेलं काही मिसळलेलं निघालं तर डोपिंगच्या नियमांनुसार जबाबदार खेळाडू असतो, "सरांनी दिलं होतं" म्हणून सुटका होत नाही. आमच्या संघात डबे वाटायची तयारी झाली होती, ते फोडण्याआधी परत पाठवले. त्यांचे पैसेही त्याने ३० टक्क्यांच्या हप्त्यात धरलेले निघाले, आणि आता उरलेल्या २० टक्क्यांसाठी तोच आम्हाला नोटीस पाठवतोय.