मोठ्या कॉमिक्स प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का? आर्वीच्या दुकानातून

जुनी कॉमिक्स विकणाऱ्या गावाकडच्या दुकानदाराने शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का, असं आमच्या भागातले पुस्तकवाले मला विचारत असतात. माझं उत्तर एकच. घ्यावा, पण हॉलचा नकाशा हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

आमचं दुकान आर्वीला, बाजारओळीत. वह्या, कंपास, गाईड यांवर घर चालतं. कॉमिक्स मागच्या खोलीत. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो, पूर्वी ती भाड्याने द्यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं ओट्यावर बसून वाचायची आणि तिथेच परत करून घरी जायची. आपल्या विदर्भात हिंदीही मराठीइतकंच वाचलं जातं, त्यामुळे आमच्या फळीवर मराठी इंद्रजाल, चांदोबा, अमर चित्र कथा आणि हिंदी राज कॉमिक्स शेजारी शेजारी असतात. हा सगळा माल घेऊन आम्ही अशा एका प्रदर्शनात बसलो, त्याचा हा अभिप्राय.

आधी पैशाचं. दहा बाय दहाच्या स्टॉलचं भाडं आमच्या दुकानाच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी. इथे पुस्तकवाल्याने नीट लक्ष द्यावं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून स्टॉलवर भरलेला जीएसटी आपल्याला विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येत नाही. शेजारचा टी-शर्टवाला तो वळता करतो, आपल्याला मात्र तो खर्चातच धरावा लागतो. भाडं परवडतं की नाही याचा हिशोब कर जोडूनच करा.

भाड्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा, एक प्लग आणि वर नावाची पट्टी, म्हणजे फॅशिया, मिळाली. फॅशियावर नाव मराठीत हवं म्हणून मी आधीच लिहून कळवलं होतं आणि त्यांनी एकही चूक न करता तसं करून दिलं. त्या एका पट्टीने आम्हाला किती गिऱ्हाईक आणून दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. लोक लांबून वाचून वळत होते. माल उतरवायला दिलेली मुलंही कामाची होती. पुस्तकांची खोकी जड असतात, पण कुठेही आदळली नाहीत.

जागेच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. आम्हाला मधल्या ओळीत बसवलं आणि समोर मोबाईल गेमचा स्टेज. दिवसभर भोंगा. तलवारी, मुखवटे, पंख लावून पात्रांचे वेश केलेली पोरं त्या स्टेजकडे लोटत होती. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, इतक्या मेहनतीने शिवलेले कपडे मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. पण त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या आमच्या रॅकला घासत होत्या, आणि जुनं पुस्तक घेणाऱ्या माणसाला तिथे शांतपणे उभंच राहता येत नव्हतं. कांदे घेणारा बाजारात चालता चालता भाव करतो, जुनं कॉमिक घेणाऱ्याला मात्र पानन् पान बघायचं असतं.

हे गिऱ्हाईक कसं बघतं ते सांगते. साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ आले. फॅशिया वाचून म्हणाले, "ताई, तुम्ही आर्वीच्या का? माह्या मामाचं गाव आहे नं ते!" मग वेताळ, म्हणजे फँटम, मागितला. मी इंद्रजालचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलंच नाही. अंक मधोमध उघडला आणि पिना पाहिल्या. पिना गंजल्या की मधलं पान आधी सुटतं, आणि ते पान नसलं तर अंकाला किंमत उरत नाही. मग कण्यावर सेलोटेप आहे का ते बोटाने चाचपलं. टेप पिवळी पडून कागद खाते, म्हणून असा अंक ते फुकटही घेत नाहीत म्हणाले. शेवटच्या पानावर मामाजींच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. मला वाटलं आता भाव पाडतील. पण ते म्हणाले, "हा असू द्या, शिक्क्याचाच द्या." इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, म्हणजे सगळ्यात नवा अंकसुद्धा आता किमान ३५ वर्षांचा. मराठी अंक तर हिंदी-इंग्रजीपेक्षा कमी हाती लागतात. अशा माणसाला माल दाखवायला मिळाला, याच एका कारणासाठी मी पुन्हा जाईन.

विक्रीचं म्हणाल तर महाग अंकांवर स्टॉलचं भाडं निघत नाही. ते निघालं समोर ठेवलेल्या वीस-वीस रुपयांच्या पेटीतून. फाटके, जोड नसलेले, नव्याने छापलेले, सगळे त्यात. कॉलेजची पोरं त्या पेटीपाशी उकिडवी बसून शोधत राहायची, आणि त्यांना बघून बाकीचे थांबायचे. किंमत पुस्तकावर लिहू नका, प्लास्टिकच्या पाकिटावर चिठ्ठी लावा. हॉलमध्ये गर्दी वाढली की मोबाईलची रेंज जाते आणि क्यूआर कोड समोर असूनही पैसे येत नाहीत. दोन कंपन्यांची सिम ठेवा आणि दहा-वीसच्या नोटांची चिल्लर घरूनच न्या.

आणखी एक. दार उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी, सगळे स्टॉल लावत असतात तेव्हा, दुकानदारांचा आपसातला खरा सौदा होतो. आमच्याकडे पडून असलेले हिंदी अंक मी दिल्लीकडच्या एका विक्रेत्याला दिले आणि बदल्यात मराठी इंद्रजालचा गठ्ठा घेतला. त्याच्या गावी मराठी अंकांना गिऱ्हाईक नव्हतं, माझ्याकडे लोक यादी देऊन ठेवतात. त्यामुळे सकाळी पोचण्याऐवजी आदल्या दुपारीच पोचावं.

खोकी आम्ही वर्ध्याहून रेल्वे पार्सलने नेली. आतून प्लास्टिक, वरून गोणपाट, आणि प्रत्येक खोकं एका माणसाला उचलेल एवढंच.

पाचपैकी साडेतीन गुण देते. दीड गुण जागेचा आणि आवाजाचा कापला. आयोजकांना मी लेखी कळवलं आहे की जुन्या पुस्तकवाल्यांची एक वेगळी ओळ स्टेजपासून लांब, भिंतीकडे करा. भाडं तेवढंच घ्या, पण आमचा भाव गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ द्या. तशी ओळ मिळाली तर वरूडचे आणि यवतमाळचे दोन दुकानदार माझ्यासोबत यायला आत्ताच तयार आहेत.