त्वचेवरची संशयास्पद गाठ: सुईची तपासणी की पंच बायोप्सी?

पोटातला किंवा छातीतला कर्करोग त्वचेवर उतरला असावा, असा संशय येण्यालाच मुळात उशीर होतो, कारण बेंबीतली गाठ हर्निया वाटते, छातीवरची लाली जंतुसंसर्ग वाटते आणि आमच्या आईच्या डोक्यावरची कठीण, न दुखणारी, वरचे केस गळालेली गाठ दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दोन महिने आवाळू म्हणून सोडून दिली गेली. त्यानंतर निवड उरली एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासणे) आणि पंच बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे) यांत.

आम्ही आधी सुई निवडली. भूल नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी अहवाल. थकलेल्या माणसासाठी हे कमी नाही. मूळ कर्करोग ठाऊक असेल आणि तोच परतला आहे का एवढेच पाहायचे असेल, तर ती बहुधा पुरेशी ठरते.

आईचे तसे नव्हते. नऊ वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झालेली, आणि नव्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातही एक डाग दिसत होता. अहवालात लिहून आले: ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या; मूळ स्थानासाठी बायोप्सी करावी.’ स्तनासाठी जीएटीए-३, फुप्फुसासाठी टीटीएफ-१ असे मार्कर, म्हणजे पेशी कुठून आल्या ते सुचवणारी प्रथिने, पाहायला हवे होते, पण सेल ब्लॉकपुरताही (सुईतल्या पेशी एकत्र करून बनवलेला, अशा तपासण्यांसाठीचा ठोकळा) नमुना शिल्लक नव्हता. पुन्हा वेळ घेणे, पुन्हा रिक्षा, आणि ‘परत कशाला रे?’ या आईच्या प्रश्नाला उत्तर शोधणे, यातच माझे मत बनले.

पंचमध्ये जागा बधिर करून साधारण चार मिलिमीटरचा तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. अहवालाला आठवडा लागतो, मार्करना आणखी काही दिवस. ही वाट पाहणे कठीण जाते, हे मी नाकारत नाही. मात्र गाठ वरच्या त्वचेतूनच उगवली आहे की तिच्याखाली वेगळी बसली आहे, हे तुकड्यात दिसते, आणि त्याचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पुढच्या तपासण्यांसाठी जपून ठेवता येतो. आईच्या तुकड्यावर टीटीएफ-१ निगेटिव्ह, जीएटीए-३ आणि ईआर (इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर) पॉझिटिव्ह आले, म्हणजे गाठ स्तनाच्याच कर्करोगाची ठरली, आणि हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या सुरू करता आल्या.

गाठ खोल असेल तर पंच तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अंतिम शब्द डॉक्टरांचाच. तरीही मूळ जागेबद्दल जराही शंका असल्यास मी पंचच सुचवीन. आणि सुईच करायची ठरली, तर सेल ब्लॉकसाठी जादा नमुना घ्यावा, अशी विनंती आधीच करावी.