कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट: महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांची नावं शोधायची तर

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सैन्यभरती, दिवसभर सरकारी साइट्सच उघड्या असतात. पण मला मनापासून आवडलेली साइट आहे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून लढताना गेलेल्या सुमारे १७ लाख माणसांच्या नोंदी तिथं आहेत. शोधायला पैसे लागत नाहीत. कुणी दोन-तीन हजार मागत असेल तर सरळ उठून या.

साताऱ्यातल्या घरांना ही साइट का हवी, ते कोरेगावकडच्या एका आजोबांमुळे नीट कळलं. "ताई, आमच्या वडिलांचे चुलते बसऱ्याला गेले ते आलेच न्हाईत. बघा की कुठं सापडत्यात का." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. नोंद सापडली: नाव, वडिलांचं नाव, गाव, शिपाई नंबर, ११७वी मराठाज, १९१६. तारीख त्यांनी पुन्हा वाचायला लावली. गेल्याचा दिवसच माहीत नाही म्हणून घरात आजवर सर्वपित्री अमावास्येला पान वाढत होते. आता त्या तारखेची तिथी काढून घ्यायला ते गुरुजींकडे गेले.

शोधायची रीत मात्र वेगळी आहे. आडनावाच्या रकान्यात नुसतं 'जाधव' टाकून भागत नाही. हिंदी शिपायाचं अख्खं नाव बऱ्याचदा एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, आणि पवारांचे 'पोवार' झालेले असतात. मी आधी पलटण धरते. १९२२ च्या आधी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा नंबरांच्या मराठा पलटणी होत्या, आणि इंग्रजीत 'मराठा'चं स्पेलिंग तेव्हा 'Mahratta' असं असे. मग अतिरिक्त माहितीच्या रकान्यात सातारा किंवा गावाचं नाव टाकायचं. घरी कुणी इराकमधल्या 'कूत'चा वेढा म्हणत असेल तर १०३, ११० आणि ११७ आधी बघा. या तिन्ही पलटणी २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या हाती पडलेल्या फौजेत होत्या.

एक गोष्ट सलते. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, पण भिंतीवर नावं कोरली ती ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा. या भेदभावावरच्या २०२१ च्या अहवालानंतर कमिशननं स्वतः माफी मागितली. आपल्याकडच्या गावोगावच्या शिळांवरही तेच, 'या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले'. अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा ४६ हा आकडा जिल्ह्यात पुष्कळांना पाठ आहे, पण त्यातली नावं किती जणांना सांगता येतील? ग्रामपंचायतींनी या साइटवरून यादी काढून शिळेशेजारी नावांचा फलक लावावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रिंट मी फुकट काढून देईन.

ही साइट फक्त मृतांची. जिवंत परतलेल्यांसाठी तिचा उपयोग नाही. पलटण त्या दिवशी काय करत होती हे हवं असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ ९५' या क्रमांकाखाली युद्ध-डायऱ्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टलही चांगलं आहे, पण तिथं फायली खात्यानुसार लावल्या आहेत. त्यामुळे माणसाच्या नावानं न शोधता पलटण, साल आणि ठिकाण घेऊन बसावं.

१९४७ नंतरच्या जवानाचे सेवेचे कागद यांपैकी कुठल्याच साइटवर मिळणार नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर ते बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. त्यासाठी आर्मी नंबर घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नंबर सापडत नसेल तर जुन्या पेन्शनच्या कागदावर बघा, तिथं असतो.