टीम कीव्हची घ्यावी की दा नांगची?

बर्लिनमध्ये स्टार्टअप काढलेल्या एका मित्राचा मागच्या महिन्यात फोन आला. ‘चार डेव्हलपर बाहेरून घ्यायचेत. कीव्हचं कोटेशन आलंय, व्हिएतनाममधल्या दा नांगचंही आलंय. सही कुठे करू?’ मी दोन्हीकडच्या टीमबरोबर काम केलंय आणि दोन्हीकडे हात पोळून घेतलेत. त्याला जे सांगितलं, तेच जरा ऐसपैस इथे लिहितोय.

(पुणं का नको, हे त्याच्या आईनेही विचारलं. पुण्यात त्याने सहा महिने माणसं शोधली. नोटिस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात उमेदवार दुसरी ऑफर घेऊन गायब, असं तीनदा झालं. मग त्याने नाद सोडला.)

युक्रेनची टीम वाद घालते, आणि मी तिला पैसे देतो ते मुख्यतः त्यासाठीच. तिथे कंत्राटी काम जुनं आहे. ल्वीव्ह शहरातली सॉफ्टसर्व्ह ही कंपनी १९९३ची. पण स्वतःचं प्रॉडक्ट काढायची खाजही जुनीच. प्रोग्रामरांचा कोड एकत्र ठेवणारं गिटलॅब २०११मध्ये सुरू केलं ते द्मित्रो झापोरोझेत्स या युक्रेनियन प्रोग्रामरने. घरात नळ नव्हता, पाणी विहिरीवरून आणावं लागे. पण त्याला जास्त खुपत होतं ते मिळून कोड लिहायला धड साधन नसणं! या मातीतली माणसं तुमचं स्पेसिफिकेशन वाचून पहिला प्रश्न विचारतात, ‘हे कशाला हवंय?’ आमच्या बिलिंगचे तीन स्क्रीन तिथल्या एका मुलीने एकावर आणले आणि कारण दोन ओळींत लिहून पाठवलं. तेव्हा राग आला होता, कारण ते तिन्ही स्क्रीन मी काढले होते.

व्हिएतनामची घडण वेगळी. एफपीटी ही तिथली सगळ्यात मोठी आयटी कंपनी. १९९९मध्ये सॉफ्टवेअर निर्यातीत उतरली, बंगळुरूत आणि अमेरिकेत नशीब आजमावलं, जमलं नाही, मग जपानकडे वळली आणि तिथे पाय रोवले. त्या जपानी कामाने सगळ्या धंद्याला वळण लावलं. टीममध्ये ‘ब्रिज इंजिनिअर’ म्हणजे ग्राहक आणि टीम यांच्यातला दुवा असतो, ‘कॉमटर’ म्हणजे दुभाष्या असतो, कागदावर जे आहे ते काटेकोर होतं. किती काटेकोर? मी पाठवलेल्या नमुना स्क्रीनमध्ये ‘रिसीट’चं स्पेलिंग चुकलं होतं. तो स्क्रीन वेळेत, एकही बग नसलेला, आणि त्या चुकीसकट आला. शिवाय त्यांचा ‘येस’ म्हणजे ‘ऐकलं’. आपण फोनवर ‘हं, हं’ करतो ना, तसा. ‘पटलं’ असा अर्थ लावून मी दोन आठवडे घालवले. तेव्हापासून मी ‘समजलं का?’ विचारत नाही, ‘तू हे कसं करशील ते सांग’ म्हणतो.

पैशांचं थोडक्यात: कीव्हचा तासाचा दर ढोबळमानाने चढा, पण ज्येष्ठ माणसं जास्त. दा नांगमध्ये त्याच रकमेत एखादा हात जास्त मिळतो. वेळेचं गणितही सरळ आहे. कीव्ह बर्लिनच्या एकच तास पुढे, तर दा नांग उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सहा तास. म्हणजे तुमची सकाळ संपते तेव्हा त्यांची घरी जायची वेळ होत आलेली असते.

आता जोखीम. युक्रेनमध्ये ती उघड आहे. ऑक्टोबर २०२२पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा डेव्हलपर भारनियमनाचं वेळापत्रक बघून कोड लिहीत. पण जनरेटर, बॅटऱ्या, स्टारलिंकचं उपग्रहावरून येणारं इंटरनेट असं सगळं उभं राहिलं. मला वाटतं विजेपेक्षा मोठा प्रश्न माणसांचा आहे. एप्रिल २०२४मध्ये सैन्यातल्या सक्तीच्या भरतीचं वय २७वरून २५वर आणलं. देशासाठी महत्त्वाच्या ठरवलेल्या कंपन्यांना आपल्या काही कर्मचाऱ्यांसाठी सूट मिळवता येते, सुट्या फ्रीलान्सरला तो आधार नाही. त्यामुळे कीव्हच्या कंपनीला दराआधी हे विचारा: तुमची किती माणसं सूट मिळालेली आहेत? आणि कोडचा कुठलाही भाग एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका. हे ऐकायला निष्ठुर वाटतं. तिथले टीम लीड स्वतःच हे शांतपणे सांगतात.

व्हिएतनामची जोखीम कंटाळवाणी आहे. समुद्राखालच्या केबल तुटतात. २०२३च्या सुरुवातीला तर तेव्हाच्या पाचही केबलमध्ये एकदमच बिघाड होता. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि आठवडाभर सगळं बंद. बोनस तेतच्या आधी मिळतो, त्यामुळे नोकरी बदलणारे तेतनंतर बदलतात. मार्चमधलं रिलीज ठरवताना एवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. मार्च २०२२पासून युक्रेनमध्ये रोज सकाळी नऊला युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्धता पाळतात. आमचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, नेमकं तेव्हाच, बर्लिनच्या आठला. पहिल्या दिवशी मी उत्साहाने ‘चला, सुरू करू’ म्हणालो आणि समोरच्या पाच चौकटींतली माणसं उभी राहिली. कुणाच्या तरी रेडिओवर लंबकासारखी टकटक चालू होती. मी बसलेलोच होतो. मिनिट संपलं, एक जण खुर्चीत टेकला आणि म्हणाला, ‘पेमेंटचा बग सुटला.’ दुसऱ्या दिवसापासून स्टँडअप सव्वाआठला.

दा नांगमध्ये स्मरण कॅलेंडरवर जाऊन बसलंय. ३० एप्रिल, १९७५ साली युद्ध संपलं तो दिवस. लागून १ मे, म्हणजे जोडून सुट्टी आणि समुद्रकिनारी गर्दी. टीममधल्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. तरी २७ जुलैला, शहीद आणि जखमी सैनिकांच्या दिवशी, आमची टेस्टर आजोबांच्या भावासाठी उदबत्ती लावून उशिरा आली होती. ज्या विमानतळावर तुम्ही टीमला भेटायला उतराल, तिथे अमेरिकेने एजंट ऑरेंज, म्हणजे युद्धात जंगलांची पानं झडवायला फवारलेलं विषारी रसायन, साठवलं होतं. तिथली विषारी माती भाजून साफ करायचं काम २०१८मध्ये संपलं. आणि हो, व्हिएतनामच्या मंत्र्याने रायगडाची माती नेली, हे व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड खरं धरून पहिल्याच मीटिंगमध्ये सांगू नका. मी सांगितलं. कॉमटरने दोनदा विचारून शेवटी भाषांतर सोडून दिलं.

मित्राला मी एकच विचारलं: प्रॉडक्ट कागदावर आहे की डोक्यात? कागदावर असेल, स्क्रीन ठरलेले असतील, वर्षभर तेच काम वाढवत न्यायचं असेल तर डोळे झाकून दा नांग. त्याचं सगळं डोक्यातच होतं आणि दर आठवड्याला बदलत होतं, त्याला भांडणारी माणसं हवी होती. त्याने कीव्हला सही केली. सहा महिन्यांचंच कंत्राट, एका भागावर दोन माणसं, आणि स्टँडअप सव्वाआठला.