ऑप्टिकल नेटवर्कचं एनएमएस: नकाशा झकास, खरी परीक्षा फायबर तुटल्यावर

आमच्या डीडब्ल्यूडीएम नेटवर्कवर (एकाच फायबरमधून प्रकाशाच्या अनेक रंगांवर वेगवेगळे सिग्नल नेणारं) नजर ठेवायला जे एनएमएस (नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर) बसवलंय त्याबद्दल लिहितोय. व्हेंडरचं नाव मुद्दाम टाकत नाही, नॉकमध्ये (नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये) बसणाऱ्यांना तसंही ओळखीचं वाटेल कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच रड आहे.

डेमोत दाखवतात तो नकाशा. मान्य, झकास आहे, साइटवर क्लिक केलं की रॅक, शेल्फ, कार्ड, पोर्ट सगळं उलगडत जातं, साहेब लोक खूश. पण रोजच्या कामात नकाशा कोण बघतं? काम पडतं ते अलार्मच्या लिस्टशी. आता 50 गिगाहर्ट्झच्या ग्रिडवर (म्हणजे शेजारच्या दोन चॅनेलमध्ये एवढं अंतर) एका फायबरमध्ये 80-96 लॅम्डा (वेगवेगळ्या तरंगलांबीचे चॅनेल) चालू असतात, त्यामुळे केबल एकाच जागी तुटली तरी आधी अॅम्प्लिफायर ओरडतो, मग ओएससी (देखरेखीचा वेगळा चॅनेल) जातं, मग एकेका ट्रान्सपॉन्डरचा (कस्टमरचा सिग्नल लॅम्डावर चढवणारं कार्ड) एलओएस (सिग्नल गेल्याचा अलार्म), त्यावर ओटीएनच्या लेयरमध्ये (सिग्नल गुंडाळून नेणारी डिजिटल पातळी) एआयएस (पुढच्यांना 'मागे बिघाड आहे' अशी सूचना) आणि उलट्या दिशेने बीडीआय (पाठवणाऱ्याला तीच सूचना), शेवटी क्लायंट पोर्ट, म्हणजे कारण एक आणि पिलावळ शेकड्यात. ही सगळी पिलावळ गुंडाळून मूळ अलार्म वर आणायचं काम हे सॉफ्टवेअर स्वतःच्या कंपनीच्या डब्यांपुरतं खरंच छान करतं. मध्ये दुसऱ्या कंपनीचा स्पॅन (दोन साइटमधला फायबरचा टप्पा) आला की मात्र हात वर.

एक गंमत सांगतो. ज्या नोडचं घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी यंत्रणा) जुळलेलं नाही आणि मागे चाललंय त्याचा अलार्म सगळ्यात आधी आला असं या शहाण्याला वाटतं, आणि धडधाकट नोड मूळ आरोपी ठरतो!! दुसरं म्हणजे एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे डबे आपणहून एनएमएसला पाठवतात ते अलार्मचे निरोप. ते यूडीपीवरून (पोच न घेता पाठवायची पद्धत) येतात, पोचले की नाही हे साधा ट्रॅप पाठवणाऱ्याला कळत नाही, अलार्मचा पाऊस पडला की काही गळतात आणि त्यात क्लिअरचा (अलार्म मिटल्याचा) ट्रॅप गळाला तर लिंक कधीच वर आलेली असते पण स्क्रीनवर लाल तसंच. मग बसा हाताने रीसिंक (नोडकडून ताजी स्थिती मागवणं) करत. हे आपोआप व्हायला पाहिजे ना राव.

आता कौतुकाचं. परफॉर्मन्सचा भाग जबरदस्त आहे. स्पॅन लॉस (टप्प्यात होणारी प्रकाशाची घट) आणि प्री-एफईसी बीईआर (दुरुस्तीआधी चुकलेल्या बिटांचं प्रमाण) एकाच ग्राफवर एकाखाली एक टाकता येतात आणि ह्याची किंमत कळायला एक वाकलेली पॅच कॉर्ड पुरते. रॅकचं दार लागताना कॉर्ड दाबली जाते, लॉस किंचित वाढतो, बीईआर बिघडतो, पण ट्रॅफिकला काहीच होत नाही कारण आजची तगडी एफईसी (चुकलेले बिट दुरुस्त करणारं कोडिंग) शंभरातले एकदोन बिट चुकले तरी दुरुस्त करून टाकते. कस्टमर गप्प, सगळे गप्प, आणि मर्यादा ओलांडली की सर्व्हिस धाडकन बंद. ग्राफ बघणाऱ्याला हे आधी दिसतं. फक्त थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्याला इशारा द्यायचा ती मर्यादा) स्वतः लावा, आल्या आल्या जे सेट असतात ते इतके ढिले की असून नसून सारखेच. आणि मोजमाप 15 मिनिटांच्या खिडकीत होतं, त्यामुळे सरासरीवर जाऊ नका, मिनिमम-मॅक्सिमम बघा, सेकंदाभराचा झटका सरासरीत विरून जातो.

ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजणारं यंत्र) जोडलेलाय, कट कुठे आहे ते किलोमीटरमध्ये देतो. आकडा बरोबर असतो, पण तो फायबरच्या लांबीचा, रस्त्याच्या नाही, चेंबरमध्ये गुंडाळलेले लूप त्यातच मोजले जातात आणि टीम भलत्याच जागी खणत बसते. इथे माहीत असलेले स्प्लाइस (फायबरचे सांधे) नकाशावर भरायची सोय आहे, मग जवळच्या स्प्लाइसपासूनचं अंतर मिळतं. भरायला कंटाळवाणं आहे पण भराच.

नेटकॉन्फ-यांग (स्क्रिप्टने डब्यांची सेटिंग वाचायची-बदलायची प्रमाणित पद्धत) आहे म्हणून ब्रोशरमध्ये मोठं लिहिलंय. ओपनकॉन्फिगच्या (सगळ्या कंपन्यांसाठी सामाईक) मॉडेलने वाचता बरंच येतं, बदलायला गेलात की निम्म्या गोष्टी कंपनीच्या स्वतःच्या मॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट पुन्हा त्यांच्यासाठी वेगळी लिहा.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर लॅबमध्ये दोन नोडमधलं फायबर उपटायला सांगा, परत लावा आणि किती अलार्म लाल राहतात ते मोजा. आणि हो, त्याआधी एका नोडचं घड्याळ गुपचूप पाच मिनिटं मागे करून ठेवा.